सात नंबरच्या बाटलीतलं पाणी

मित्रांनो, माझ्या पोटात पाव लिटर पाणी मावतं. याहून मोठं मला काही जमत नाही. मी जाड पांढऱ्या काचेची एक जुनी बाटली आहे. माझं बूचही काचेचंच आहे. अंगावर लाल रंगानं सात आकडा लिहिला आहे, म्हणून प्रयोगशाळेत सगळे मला सात नंबर म्हणतात. विहिरीचं, नळाचं, ओढ्याचं पाणी तपासायला न्यायचं असलं की ते माझ्यासारख्या बाटलीतून नेतात.

माझा जन्म १९९१ सालचा. वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळवून मला साच्यात फुंकलं. मग एका कारागिरानं माझं बूच माझ्याच गळ्यात घासून घासून बसवलं. त्यामुळे दुसऱ्या कुठल्या बाटलीचं बूच मला लागत नाही आणि माझं दुसरीला लागत नाही. आम्ही बारा बहिणी पेंढ्यात गुंडाळून खोक्यातून जुन्नरच्या एका कॉलेजात आलो.

तिथे पहिली नऊ वर्षं आम्ही कपाटात काढली. वर्षातून एकदा परीक्षक यायचे, तेव्हा आम्हाला टेबलावर मांडायचे आणि ते गेले की पुन्हा आत ठेवायचे. एका गॅदरिंगला माझ्यात निशिगंधाची काडी खोचून पाहुण्यांपुढे ठेवली होती. त्या दिवशी माझं फार कौतुक झालं. पण मी फुलदाणी नव्हते, आणि ते मला माहीत होतं.

आमची काळजी घेणारा माणूस एकच, प्रयोगशाळेतले शिपाई सावळेरामभाऊ. बाटल्या धुणं, वाफेवर निर्जंतुक करणं, कागद बांधून ठेवणं हे त्यांचं काम. त्यांची बायको बायडाबाई काविळीनं गेली होती. त्यानंतर घरी लवकर जाण्यासारखं त्यांना काही उरलं नव्हतं. पाच वाजता सगळे गेले तरी ते थांबायचे आणि स्वच्छ असलेल्या बाटल्या परत धुवायचे.

सन २००० मध्ये डुंबरे मॅडम शिकवायला आल्या आणि आमचं नशीब बदललं. पुण्याहून त्यांनी एक योजना आणली होती. ज्यांच्या घरातलं आजवर कोणी कॉलेजची पायरी चढलं नाही, अशी सहा मुलं दरवर्षी निवडायची आणि पदवीला असतानाच त्यांना संशोधन शिकवायचं. विषय मुलांनी आपापल्या गावातून आणायचा. माणूस जे पाणी पितो, जो धूर घेतो, जी फवारणी करतो, त्यानं त्याच्या तब्येतीचं काय होतं, ते शोधायचं.

"आधी ही पोरं पास तर होऊ द्या," एक प्राध्यापक हसून म्हणाले होते.

"सर, विहिरीचं पाणी ज्यांनी ओढलंय त्यांना त्यातलं कळणार नाही, तर मग कोणाला कळणार?" मॅडम म्हणाल्या आणि कपाटाची किल्ली मागायला निघून गेल्या.

२००२ च्या तुकडीत तेजस्विनी आली. दुसऱ्या वर्षाला होती. येडगाव धरणाच्या खालच्या अंगाला एका गावाची बौद्धवस्ती आहे, तिथली ती. तिचे वडील भागुजी नारायणगावला गॅरेजात कामाला होते. आई लहानपणीच गेलेली, म्हणून आजीनं, द्रौपदाबाईनं, तिला वाढवलं. वस्तीत चाळीस घरं आणि विहीर एक. गावाला धरणाचं पाणी नळानं येत होतं, पण पाइप ओढ्यापाशी थांबला होता. वस्ती ओढ्याच्या पलीकडे. तिथली पोरं सारखी जुलाबानं पडायची आणि दोन वर्षांपूर्वी अकरा घरांत कावीळ झाली होती. ग्रामपंचायतीचं म्हणणं एकच होतं, की विहीर चांगली आहे.

त्या वर्षी पाइप पुढे न्यायचं ठरत होतं. तो ओढा ओलांडून वस्तीत न्यायचा की वरच्या मळ्यातल्या बंगल्यांकडे, हे २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठरणार होतं. तेजस्विनीनं आपल्या विषयाच्या कागदावर लिहिलं : आमच्या विहिरीचं पाणी. आणि मला तिच्या हाती दिलं गेलं.

मॅडमनी तिला सगळं शिकवलं. गळ्याला दोरी कशी बांधायची, बूच कसं धरायचं, तोंडाला बोट का लावायचं नाही, थोडी जागा रिकामी का सोडायची. एकच गोष्ट सांगायची राहिली. सावळेरामभाऊ मला वाफेवर ठेवण्याआधी माझ्या पोटात हायपो नावाच्या पांढऱ्या पावडरीचे चार कण टाकायचे. विहिरीत जंतू मारायला जी टीसीएल पावडर टाकतात, ती बाटलीत आलेल्या पाण्यातही जंतू मारत राहते. माझ्या पोटातले कण तिला जागेवर थांबवतात. म्हणजे पाणी भरताना जसं होतं तसंच प्रयोगशाळेत पोचतं. ते कण नसतील, तर विहिरीतून निघालेलं वाईट पाणी वाटेतच चांगलं होऊन जातं.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी ती मला घेऊन विहिरीवर गेली. ग्रामपंचायतीचा शिपाई बहिरू नुकताच पावडरीची बादली ओतून हात झटकत होता. सगळीकडे उग्र वास सुटला होता.

"बहिरूकाका, आजच कशी आठवन झाली? दिवाळीपासनं फिरकला न्हाई तुमी."

"तू बाटली घिऊन येनार म्हनून कळलं की. पावनं येनार म्हनल्यावर दारात सडा टाकत्यात का न्हाई?" बहिरू म्हणाला आणि सायकलवर बसून गेला.

तेजस्विनीनं माझा कागद सोडला. तेवढ्यात द्रौपदाबाई मागून बोलली, "अगं, भांडं तसंच भरती व्हय? विसळ की आधी."

"आज्जी, वाफेवर ठिवून आनलीय ती. लई स्वच्छ हाय."

"आसंल. कॉलेजातली मानसं काय म्हनतील, वस्तीतलं पानी घानेरड्या भांड्यात आनलं? तीन येळा विसळ."

मित्रांनो, या बोलण्याला हसू नका. ज्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावरून हिणवलं गेलं, त्यांच्या घरात तांब्या जास्तच लख्ख असतो. द्रौपदाबाईनं उभ्या आयुष्यात एकही भांडं विसळल्याशिवाय भरलं नव्हतं, आणि नातीलाही तेच शिकवलं होतं. तेजस्विनीनं मला तीन वेळा विसळलं. पहिल्याच पाण्याबरोबर माझ्या पोटातले कण वाहून गेले. मला ते कळलं, पण मला तोंड असून बोलता येत नाही.

गारीगारवाल्याकडून आणलेल्या बर्फात ठेवून तिनं मला थर्मोकोलच्या डब्यातून एसटीनं जुन्नरला नेलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "धरनातली मासळी हाय का गं? कसा वाटा?"

"पानी हाय मावशी."

"पानी? बर्फात घालून? लई लाड हायेत बाई पान्याचे."

दोन दिवसांनी निकाल आला. पाण्यात जंतू असले तर नळ्यांतला जांभळा द्राव पिवळा होतो आणि आत हवेचा बुडबुडा धरतो. सगळ्या नळ्या जांभळ्याच राहिल्या.

"तुला पटतंय का हे?" मॅडमनी विचारलं.

"पटत नाही मॅडम. पण नळ्या कशाला खोटं बोलतील?"

तिनं लिहिलं : जंतू आढळले नाहीत. योजनेचा नियम होता, की जे सापडेल ते गावाला कळवायचं. एक प्रत ग्रामपंचायतीकडे गेली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तेजस्विनी प्रयोगशाळेत आली ती बेसिनपाशी येऊन नुसती उभी राहिली. सावळेरामभाऊ मलाच धूत होते.

"काय गं, बस चुकली का?"

"भाऊ, काल उपसरपंच चिमाजीअण्णा आमच्या दादांना स्टँडवर भेटले. म्हनले, भागुजी, पोरीनं लई बरं केलं राव. वस्तीचं पानी येक नंबर म्हनून ल्हिवून दिलं, आता पाइप मळ्याकडं न्यायला कुनाची आडकाठी न्हाई. चार मानसांत म्हनले." "दादा रातच्याला जेवले न्हाईत. शेजारची तीन पोरं जुलाबानं पडल्यात आन माझ्या सहीचा कागद म्हनतोय पानी चांगलंय."

सावळेरामभाऊंनी नळ बंद केला.

"बाटली कशी भरली तू? पयल्यापासनं सांग. काय बी गाळू नगं."

तिनं बहिरूपासून सगळं सांगितलं. विसळण्यापाशी आली तेव्हा भाऊंचा हात थांबला.

"किती येळा?"

"तीन."

त्यांनी फळीवरून हायपोची बरणी काढली आणि तिच्या तळहातावर चार कण ठेवले. "ह्यात सगळं व्हतं बाई. ह्ये कण बाटलीतल्या पावडरीला थांबवत्यात. त्येच तू विहिरीवर टाकून आलीस."

तिला समजायला वेळ लागला नाही. ती हुशार होती. ती स्टुलावर बसली. मग ताडकन म्हणाली, "मला कुनी सांगितलं का न्हाई?"

"मी सांगायला हवं होतं," दारातून मॅडम म्हणाल्या. त्या कधी आल्या ते कोणालाच कळलं नव्हतं. "शिकवणारी मी आहे. ही चूक माझी आहे. मी ग्रामपंचायतीला पत्र लिहिते. तू सभेला उभी राहायची गरज नाही. लोक तुला टाकून बोलतील."

"पत्र फायलीत जाईल मॅडम. कागद माझ्या नावाचा हाय. तो मीच मागं घेनार."

तिनं जुना अहवाल फाडायला घेतला, तर मॅडमनी हात धरला. "फाडायचा नाही. आडवी रेघ मार, काय चुकलं ते लिही, तारीख घाल, सही कर." तिनं सही केली. तिच्या सहीखाली मॅडमनी आपली केली.

"आन आता पयल्यापासनं परत," सावळेरामभाऊ म्हणाले. मग माझ्याकडं बघत हळूच म्हणाले, "बायडाला कावीळ झाली तवा सगळ्यांनी हात बघितला, डोळं बघितलं. आमच्या आळीचं पानी कुनी बघितलं न्हाई." त्यांनी बायकोचं नाव प्रयोगशाळेत घेतलं ते तेवढंच.

सभेला एकोणीस दिवस होते. तेजस्विनीनं सहा वेगवेगळ्या सकाळी पाणी भरलं, कोणाला न सांगता, पावडरीच्या दिवशी आणि बिनपावडरीच्या दिवशीही. द्रौपदाबाई विहिरीच्या काठावर पहाऱ्याला बसायची. बाटलीकडं कोणी हात केला की ती ओरडायची, "ए, लांब! आत दवा हाय. मला म्हाईत नव्हतं, आता म्हाईत झालंय." आजी-नातीनं चाळीस घरं पालथी घातली आणि कोणाच्या घरात कोण कधी आजारी पडलं ते वहीत उतरवलं. बायका तेजस्विनीला सांगायला लाजायच्या, पण द्रौपदाबाईपुढे कोणी काही लपवू शकलं नाही. ती सरळ विचारायची, "दिसातनं किती येळा गेलं लेकरू? खरं सांग." एके दिवशी बस चुकली तेव्हा तेजस्विनी नारायणगावापर्यंत टोमॅटोच्या टेम्पोत बसून आली. डबा मांडीवर होता.

सहापैकी पाच वेळा नळ्या पिवळ्या झाल्या. त्यातलं एक पाणी पावडर टाकल्यावर तासाभरात भरलेलं होतं. विहिरीपासून वीस पावलांवर गावाची गटार उघडी पडलेली होती. तेही अंतर तिनं टेपनं मोजून लिहिलं.

२६ जानेवारीला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. मी डब्यात होते. झाकण उघडं होतं, म्हणून सगळं ऐकू येत होतं. चिमाजीअण्णांनी तेजस्विनीचा पहिला कागद वाचून दाखवला आणि म्हणाले, "मंग ठरलं. पाइप मळ्याकडं."

"अण्णा, तो कागद चुकलाय," तेजस्विनी उभी राहून म्हणाली. "चूक माझी हाय."

पटांगणात हशा पिकला. मागून कोणीतरी ओरडलं, "बसा ताई! फुकटच्या जागेवर शिकलं की आसंच व्हतंय."

तिचे कान लाल झाले. भागुजी खाली बघत होते. पण ती बसली नाही. तिनं रेघ मारलेला अहवाल वर धरला आणि विसळण्याची हकिकत सांगितली, काही न गाळता. मग नवे सहा निकाल वाचले. मग गटारीचं अंतर. मग आजारी माणसांचा आकडा, चाळीस घरांत एकसष्ट.

चिमाजीअण्णा काही वाईट माणूस नव्हते. पण मळ्यात त्यांचा भाऊ राहायचा आणि त्यांनी त्याला शब्द दिला होता. ते म्हणाले, "पोरी, आदी म्हनलीस चांगलं, आता म्हनती वाईट. उद्या म्हनशील ह्ये बी चुकलं."

"म्हनीन. चुकलं तर उद्या बी हितंच उभी राहून म्हनीन." तिनं मला डब्यातून बाहेर काढलं. "माझ्यावर इस्वास न्हाई ना? मंग अण्णा, आज तुमी भरा. तुमच्या हातानं."

सभा हसायची थांबली. आता मागं कसं हटणार? अण्णा उठले. अख्खी सभा ओढा ओलांडून विहिरीवर गेली. काहीजण तर त्या बाजूला जन्मात पहिल्यांदाच आले असतील. अण्णांनी माझं बूच काढलं, दोरीनं मला खाली सोडलं, थोडं पाणी घेतलं, वर ओढलं आणि सवयीनं मला गोल फिरवून ओतायला निघाले.

"अण्णाऽऽ!" वस्तीतल्या सगळ्या बाया एकदम ओरडल्या. द्रौपदाबाईचा आवाज त्यात सगळ्यात वर होता. "विसळू नका! तुमाला बी तेच शिकिवलंय व्हय आईनं?"

या वेळी लोक हसले ते अण्णांना. अण्णाही ओशाळून हसले. मी त्यांच्या हातातच होते, अजून तिरकी झाले नव्हते. माझे कण जागेवर होते. त्यांनी मला परत सोडलं आणि पाणी पुरतं भरून घेतलं. तेजस्विनीनं चिठ्ठी चिकटवली आणि पेन पुढं केलं. नमुना घेणाऱ्याच्या नावापुढं चिमाजीअण्णांनी सही केली. पाइपचा निर्णय पुढच्या सभेवर गेला.

दोन दिवसांनी ते स्वतः जुन्नरला आले. सावळेरामभाऊंनी त्यांना पिवळ्या नळ्या दाखवल्या.

"ह्ये बुडबुडे म्हंजी काय?"

"अण्णा, मानसाच्या शौचातले जंतू. गटारीतनं विहिरीत आल्यात."

अण्णांनी एक नळी उजेडात धरून बघितली. "ह्या पान्यावर सही माझी हाय," ते म्हणाले. "आता कुनाला न्हाई म्हनू?"

पुढच्या सभेत त्यांनी भावासमोर हात वर केला, पाइप वस्तीकडं नेण्यासाठी. मित्रांनो, सगळं लगेच झालं नाही. पाइप ओढा ओलांडून जायला सव्वा वर्ष लागलं. तोपर्यंत वस्तीतल्या बाया गावातल्या नळावरून पाणी आणत होत्या. बहिरू रोज पावडर टाकत होता, आणि रोज टाकली की नाही हे द्रौपदाबाई बघत होती.

२००४ च्या उन्हाळ्यात वस्तीत नळाला पाणी आलं. लोकांनी नळाला हळदकुंकू नाही, पण फुलं वाहिली. तेजस्विनी तेव्हा तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन आली होती. ती मला घेऊन गर्दीतून पुढं आली.

"आता गं कशाला?" भागुजी हसून म्हणाले. "आलं की पानी!"

"आलं म्हनून चांगलंच आसंल, असं कुनी सांगितलं दादा?"

तिनं नळ थोडा वेळ सोडून दिला आणि मला भरलं. त्या वेळी नळ्या जांभळ्या राहिल्या. तरी तिनं दर महिन्याला एक नमुना घ्यायचं ठरवलं, आणि पुण्याला पुढं शिकायला गेल्यावर ते काम वस्तीतल्याच अकरावीतल्या एका मुलीला शिकवून गेली. शिकवताना पहिलं वाक्य कण कशासाठी असतात याबद्दल होतं.

त्यानंतर दिवस पालटले. एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. आम्ही पुन्हा कपाटात गेलो. २००७ मध्ये सावळेरामभाऊ निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी निरोपाचा नारळ आणि शाल टेबलावर ठेवून त्यांनी आम्हा अकराजणींना धुतलं. एक त्यापूर्वीच फुटली होती. त्यांनी आम्हाला कोरड्या फडक्यावर उपडं घातलं, आम्ही सुकेपर्यंत खुर्चीवर बसून राहिले आणि मग घरी गेले. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं, हे आम्हाला माहीत होतं.

मित्रांनो, माझं तुमच्याकडं एकच मागणं आहे. तुमच्या गावात कोणी पोरगी बाटली घेऊन विहिरीवर आली, तर तिला वाट द्या. ती कुठल्या आळीतली हे विचारू नका. ती काय शोधते ते विचारा. ती चुकली तर तिला परत भरू द्या. शिकवणाऱ्यांनो, तिला सगळं सांगा, चार कणांएवढंही मागं ठेवू नका. आणि तिचं उत्तर तुम्हाला अडचणीचं वाटलं, तर तिच्यावर रागावण्याआधी एकदा स्वतःच्या हातानं पाणी भरून बघा.

काच म्हातारी होत नाही. माझं बूच अजून घट्ट बसतं. कपाटाला आता कुलूप नाही.